सेवेसाठी परमुलखात: बारामती-इंदापूरच्या शिवारातील जीवजंतू आणि आपण

आषाढात श्रीसंत तुकाराम महाराजांच्या पालखीबरोबर चालणाऱ्या वैद्यकीय पथकांत सामील होणारे, राष्ट्रीय सेवा योजनेच्या सात दिवसांच्या निवासी शिबिरासाठी गावोगावच्या शाळांत मुक्काम ठोकणारे, उन्हाळ्यात पाणलोटाच्या कामी श्रमदान करणारे आणि गळीत हंगामात ऊसतोड मजुरांच्या मुलांना शिकवण्यासाठी कारखान्यांच्या परिसरात येऊन राहणारे पुण्या-मुंबईचे तरुण, तसेच अमेरिका, इंग्लंड वा आखाती देशांत स्थायिक होऊन सुट्टीत आपल्या मुलांना आजोळच्या मुलखात सेवाकार्यास धाडू इच्छिणारी मराठी कुटुंबे, या सर्वांकडून वर्षानुवर्षे एकच पृच्छा होत असते: तेथे साप, विंचू, बिबटे फार असतात असे ऐकतो, मग यावे की न यावे, आणि आल्यास कोणती खबरदारी घ्यावी?

यावे, हे आमचे निःसंदिग्ध मत आहे. मात्र या मुलखात ज्यांना इजा होते त्यांपैकी बहुतेकांना ती एखाद्या असाधारण साहसामुळे होत नाही. जमिनीवर झोपणे, दगड उचलणे, पहाटे अंधारात शेताकडे जाणे, जोडा पायात घालणे अशा नित्याच्या क्रियांमध्ये ती होते, आणि प्राण वाचतो की नाही हे पुष्कळदा प्रसंगापूर्वी केलेल्या तजविजीवर अवलंबून असते. म्हणून पुढील मजकूर निघण्यापूर्वीच वाचावा.

प्रथम मुलूख ओळखा

बारामती आणि इंदापूर या दोन तालुक्यांच्या मुलखाचे तीन स्पष्ट भाग पडतात, आणि आपली नेमणूक कोणत्या भागात आहे यावर आपल्याला कोण भेटणार हे ठरते. नीरा डाव्या कालव्याच्या पाण्यावर पोसलेला माळेगाव, सोमेश्वरनगर, भवानीनगर हा बागायती पट्टा उसाचा आहे. तेथे उंदीर विपुल, म्हणून नाग, घोणस व धामण विपुल, आणि अलीकडच्या काळात उसालाच अरण्य मानून राहणारा बिबट्याही तेथे येऊ लागला आहे. याउलट सुपे, मोरगाव, शिर्सुफळ आणि इंदापूरकडील कडबनवाडी हा पर्जन्यछायेतील माळ गवताचा व मुरमाचा आहे. तेथे चिंकारा, लांडगा, खोकड, तरस यांचा वावर असून दगडाखाली विंचू व फुरसे आढळतात. सुप्याजवळचे मयूरेश्वर अभयारण्य १९९७ साली घोषित झाले. त्याचा विस्तार सुमारे पाच चौरस किलोमीटर इतका लहान आहे. तेथील वन्यप्राण्यांना या सीमारेषा ठाऊक नसल्यामुळे ते भोवतालच्या शिवारातही निर्धास्त हिंडतात. तिसरा भाग उजनीच्या जलाशयाचा. भिगवण, कुंभारगाव, डिकसळ या काठच्या गावांत हिवाळ्यात रोहित पक्षी पाहावयास येणाऱ्यांची गर्दी असते आणि पक्षिगणनेच्या कामासाठी स्वयंसेवकही येतात.

निघण्यापूर्वीची तजवीज

- धनुर्वाताची लस घेतली आहे ना, याची खात्री करावी.
- परदेशातून येणाऱ्यांनी आपल्या डॉक्टरांच्या सल्ल्याने श्वानदंशापूर्वीची प्रतिबंधक लस घ्यावी. ती घेतलेली असली तरी दंशानंतर आणखी दोन मात्रा लागतातच. मात्र इम्युनोग्लोब्युलिनची गरज राहत नाही. लसीकरणाचा दाखला बरोबर ठेवावा.
- मधमाशी वा गांधीलमाशीच्या दंशाने पूर्वी कधी अंग सुजले, श्वास कोंडला किंवा भोवळ आली असेल, तर ही गोष्ट शिबिरप्रमुखांना लेखी कळवावी आणि डॉक्टरांनी सुचवलेले अ‍ॅड्रेनलिनचे इंजेक्शन जवळ बाळगावे. संकोचाने ही माहिती दडवणे हा स्वतःवर आणि सोबत्यांवरही अन्याय आहे.
- घोट्याच्या वर जाणारे बूट, जाड हातमोजे, उत्तम बॅटरी आणि मच्छरदाणी या चार वस्तूंना सामानात पर्याय नाही.
- प्रवासी वा अपघात विम्याची कागदपत्रे नीट वाचावीत. प्राण्यांच्या दंशाचा खर्च त्यात समाविष्ट आहे किंवा नाही, हे विमा कंपनीकडून लेखी घ्यावे.

मुक्कामी पोहोचल्याच्या पहिल्याच दिवशी, सामान सोडण्यापूर्वी म्हटले तरी चालेल, जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन किंवा दूरध्वनी करून एक प्रश्न विचारावा: सर्पदंशाची आणि श्वानदंशाची लस आज शिल्लक आहे काय? उत्तर नकारार्थी असेल, तर त्यापुढील रुग्णालय कोणते, तेथे कृत्रिम श्वासोच्छ्वासाची सोय आहे काय, आणि रात्री दोन वाजता कोणाचे वाहन मिळेल, याचा बंदोबस्त त्याच दिवशी करावा. बारामतीत शासकीय वैद्यकीय महाविद्यालय असल्यामुळे त्या बाजूच्या गावांना आधार आहे. इंदापूरच्या पूर्वेकडील गावांतून मात्र अंतर बरेच पडते आणि तेथे वाहनाची निश्चिती विशेष अगत्याची ठरते. रुग्णवाहिकेसाठी १०८, सर्वसाधारण आपत्तीसाठी ११२ आणि वनविभागासाठी १९२६ हे तीन क्रमांक प्रत्येकाच्या खिशात कागदावर लिहिलेले असावेत, कारण फोनची बॅटरी नेमकी हवी तेव्हा संपते.

साप: ओळखण्यात वेळ दवडू नका

या मुलखातील चार विषारी जाती लक्षात ठेवण्याजोग्या आहेत: नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे. फणा काढलेला नाग कोणीही ओळखतो. घोणस अंगावर साखळीसारखे मोठे ठिपके मिरवते आणि डिवचली असता दीर्घ फुत्कार टाकते. फुरसे लहानखुरे, माळावरच्या दगडांत राहणारे, अंगाला अंग घासून करकर आवाज करणारे. या तिघांपेक्षाही शिबिरार्थींनी ज्याची विशेष धास्ती घ्यावी तो साप म्हणजे मण्यार. काळसर अंगावर पांढरे आडवे पट्टे असलेला हा साप रात्री फिरतो, उंदीर-पालींच्या मागे घरात शिरतो आणि जमिनीवर निजलेल्या माणसाला झोपेत चावतो. वेदना अत्यल्प, सूज नाही, पुष्कळदा दाताची खूणही दिसत नाही. पहाटे पोटात कळा येतात, पापण्या जड होतात, गिळता येत नाही, आणि आदल्या रात्रीचे जेवण बाधले असावे या समजुतीने अमूल्य घटका निघून जातात. शाळेच्या फरशीवर झोपलेल्या कोणाही स्वयंसेवकाला पहाटे पोटदुखीबरोबर पापण्या उघडेनाशा झाल्या, तर दंशाची खूण शोधत न बसता त्याला थेट रुग्णालयात न्यावे.

म्हणून निजण्याची व्यवस्था हीच पहिली संरक्षक उपाययोजना आहे. शक्यतो खाटेवर झोपावे. ते अशक्य असेल तर मच्छरदाणी लावून तिच्या कडा गादीखाली चारी बाजूंनी घट्ट खोचाव्यात. धान्याची पोती, सरपणाचा ढीग व उष्टे अन्न झोपण्याच्या जागेपासून दूर असावे. गावात कोणी ‘पान लागलं’ असे ओरडले, तर सर्पदंश झाला आहे असे समजून तत्काळ धावावे.

दंश झाल्यावर करावयाच्या गोष्टी:

1. रुग्णाला धीर देऊन निजवावे, चालू देऊ नये. दंश झालेला हात वा पाय लाकडी पट्टी लावून मोडलेल्या हाडाप्रमाणे स्थिर करावा.
2. अंगठी, कडे, घड्याळ, पैंजण, जोडे सूज येण्यापूर्वी काढावेत.
3. उलटी होत असेल तर कुशीवर वळवावे. चहा, मद्य वा औषधी पाला देऊ नये.
4. दंशाची वेळ कागदावर नोंदवून लगेच निघावे.

टाळावयाच्या गोष्टी अधिक महत्त्वाच्या, कारण आपले यजमान प्रेमापोटी त्यांचाच आग्रह धरतील. जखमेवर काप देणे, तोंडाने विष ओढणे, बर्फ लावणे, दोरीने करकचून आवळणे यांपैकी कशानेही विष निघत नाही. आवळल्याने मात्र अवयव निकामी होण्याचा धोका उद्भवतो. आधीच कोणी दोरी बांधली असेल तर ती वाटेत एकाएकी सोडू नये; रुग्णालयात डॉक्टरांसमक्षच सोडवावी. देवळात नेऊन मंत्र घालण्याचा आग्रह झाल्यास वाद घालू नये. ‘आधी दवाखाना, मग देऊळ’ असे नम्रपणे सांगून रुग्णाला वाहनात ठेवावे. गावाच्या श्रद्धेचा उपमर्द केल्यास गाव आपल्याला अडवील, मान दिल्यास वाहन काढून देईल.

साप मारून वा पकडून रुग्णालयात नेण्याचा प्रघात घातक आहे. त्यात दुसऱ्यालाही दंश होतो. आपल्याकडे वापरली जाणारी प्रतिविषाची लस एकच असून ती या चारही जातींच्या विषावर चालते, आणि कोणता उपचार करावा हे डॉक्टर लक्षणांवरून तसेच रक्त काचेच्या नळीत २० मिनिटे ठेवून ते गोठते की नाही या साध्या परीक्षेवरून ठरवतात. दूरवरून छायाचित्र मिळाले तर घ्यावे. न मिळाल्यास काही अडत नाही. लक्षणे नसली तरी २४ तास देखरेखीखाली राहण्यास नकार देऊ नये. लहान मुलांनाही मोठ्यांइतकीच मात्रा लागते, हे परदेशातून आलेल्या पालकांनी जाणून असावे म्हणजे ते गडबडून आक्षेप घेणार नाहीत.

विंचू आणि दगडांचे काम

समतल चर खणताना, दगडी बांध रचताना विंचवाशी गाठ पडणे जवळजवळ अटळ आहे. काळी, थोराड इंगळी भयंकर दिसते, पण तिच्यापेक्षा लहानसा तांबडा विंचू पुष्कळ अधिक घातक असतो. त्याच्या विषाने घाम सुटतो, हातपाय थंड पडतात, उलट्या होतात, हृदय व फुप्फुसे बाधित होतात. मुलांना विशेष धोका. महाड येथील डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी प्राझोसिन या औषधाचा उपयोग या दंशावर करून ग्रामीण रुग्णांचे असंख्य प्राण वाचवले, आणि २०२२ साली त्यांना पद्मश्रीने गौरवण्यात आले. तेव्हा विंचवाला इलाज आहे. मात्र तो दवाखान्यात आहे, चुन्यात किंवा कांद्यात नाही. नुसती वेदना असेल तर थंड पाण्याची पट्टी चालेल. घाम वा उलटी सुरू होताच रुग्णालय गाठावे.

दगड कधीही बोटे खाली घालून उचलू नये. पहारीने त्याची पलीकडची कड आधी उचलावी, म्हणजे खालचा जीव आपल्यापासून दूर निघून जातो आणि दगड मध्ये ढालीसारखा राहतो. सकाळी बूट उलटे करून आपटावेत, कपडे झटकावेत, आणि टिकाव-घमेली रात्री जमिनीवर न पसरता भिंतीस टेकवून ठेवावीत.

आग्या मोहोळ

वडाच्या फांद्या, पाण्याच्या उंच टाक्या, पूल व जुनी देवळे येथे आग्या मोहोळे लटकलेली असतात. त्यांच्याखाली चूल पेटवणे, फटाके वाजवणे, ड्रोन उडवणे यांतून झालेले हल्ले भीषण असतात. मुक्कामाची जागा निवडताना प्रथम वर पाहावे. माश्या उठल्याच तर हातवारे न करता तोंड व डोके कपड्याने झाकून सरळ धावत बंद खोली किंवा मोटार गाठावी. विहिरीत वा कालव्यात उडी घेऊ नये, कारण माश्या वर घिरट्या घालत राहतात आणि बुडण्याचे संकट वेगळेच. नांगी जितक्या लवकर काढाल तितके बरे. कशी काढावी याचा खल करण्यात वेळ घालवू नये. अनेक दंश झाले असतील, ओठ-जीभ सुजली असेल वा श्वास जड झाला असेल तर रुग्णालय गाठण्यास क्षणाचाही विलंब करू नये.

डासांविषयी थोडक्यात: डेंग्यूचा डास दिवसा चावतो, म्हणून केवळ रात्रीची मच्छरदाणी पुरेशी नाही, पूर्ण बाह्यांचे कपडे वापरावेत. गुराढोरांत काम करणाऱ्यांनी रोज सायंकाळी अंगावर गोचीड आहे का ते पाहावे आणि असल्यास चिमट्याने त्वचेलगत धरून सरळ ओढून काढावी.

कुत्री, मेंढपाळांचे तळ आणि पालखीतील जनावरे

बिबट्याची भीती सर्वांना असते, कुत्र्याची कोणालाच नसते. वास्तविक अलर्क रोग (रेबीज) एकदा प्रकट झाला की जवळजवळ निश्चित मृत्यूच येतो, म्हणून कुत्रा, मांजर, माकड, कोल्हा, लांडगा यांपैकी कोणाच्याही चाव्यास किंवा ओरखड्यास, रक्त न आले तरी, क्षुल्लक मानू नये. जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटे धुवावी; हळद, चुना, तिखट भरू नये. लस त्याच दिवशी सुरू करावी. सरकारी रुग्णालयांत त्वचेत दिली जाणारी लस पहिल्या दिवशी आणि त्यानंतर तिसऱ्या, सातव्या व अठ्ठाविसाव्या दिवशी देतात. जखम खोल असल्यास इम्युनोग्लोब्युलिन जखमेतच टोचावे लागते; ते मागून घ्यावे. कुत्र्यावर दहा दिवस लक्ष ठेवावे, पण त्यासाठी लस थांबवू नये.

माळावर धनगरांच्या मेंढ्यांचा तळ दिसल्यास कुतूहलाने थेट आत शिरू नये. कळपाची राखण करणारी कुत्री लांडग्याशी झुंजण्यासाठी वाढवलेली असतात आणि परका माणूस त्यांना लांडग्याइतकाच परका. दूर उभे राहून हाक द्यावी. मेंढपाळ कुत्र्यांना आवरील, मग जावे. पालखीच्या दिवसांत काटेवाडीला मेंढ्यांचे आणि बेलवाडीला अश्वाचे रिंगण होते. तेथे सेवेस असणाऱ्यांनी धावत्या अश्वाच्या मार्गापासून भाविकांना, आणि स्वतःलाही, मागे ठेवणे हेच आपले काम समजावे.

बिबट्या आणि लांडगा

दोघांचा स्वभाव भिन्न आहे. लांडगा मेंढ्या नेतो. निरोगी लांडगा माणसाला पाहताच वाट सोडतो. मात्र भर दिवसा वस्तीत येऊन दिसेल त्यावर धावणारा लांडगा पिसाळलेला समजून घरात जावे आणि वनविभागास इत्तला द्यावी. बिबट्याच्या बाबतीत दक्षता अधिक हवी, कारण तो उसात अगदी जवळ असूनही दिसत नाही.

- सूर्यास्तानंतर आणि उजाडण्यापूर्वी उसाच्या बांधाने एकट्याने जाऊ नये. दोघा-तिघांनी, बॅटरी घेऊन, मोठ्याने बोलत जावे.
- उसाच्या कडेला वाकून काम करणे वा शौचास बसणे टाळावे. ओणवा माणूस बिबट्याला लहान जनावर भासतो. शिबिरात शौचालय नसेल तर तेथे मुक्काम घेण्यास आपण नकार द्यावा.
- समोर आलाच तर पाठ फिरवून पळू नये. हात उंचावून, मोठ्याने ओरडत, सावकाश मागे सरावे. लहान मूल सोबत असल्यास उचलून घ्यावे.
- ऊसतोडीत पिल्ले सापडली तर हात लावू नये, छायाचित्रांसाठी मांडीवर घेऊ नये. ती पुष्कळदा रानमांजराची असतात. आणि बिबट्याची असली तरी मादी रात्री येऊन ती नेते, एवढी सवड तिला मिळवून देणे हे आपले कर्तव्य. तोड थांबवून वनरक्षकास बोलवावे.

कायदा आपल्याकडून काय अपेक्षितो

वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ हा सापांनाही लागू आहे. साप पकडून गळ्यात घालणे, मांडूळ वा कासव बाळगणे, अनधिकृत खेळ करवून चित्रफीत काढणे हे गुन्हे असून, पहिल्या अनुसूचीतील प्राण्यांच्या बाबतीत तीन ते सात वर्षांच्या कारावासाची तरतूद आहे. परदेशी पारपत्रधारकाला अशा प्रकरणात तपास पुरा होईपर्यंत देशात अडकून पडावे लागते, हेही ध्यानात ठेवावे. घरात साप निघाल्यास वनविभागाच्या मार्गाने सर्पमित्र बोलवावा. कडबनवाडी व शिर्सुफळ येथील गवताळ प्रदेश पाहावयाचा असेल तर वनविभागाची परवानगी आणि स्थानिक वाटाड्या घेऊनच जावे. उजनीवर होडी रोहित पक्ष्यांच्या थव्यात घालण्याचा आग्रह नावाड्याला करू नये, कारण आपल्या एका छायाचित्रासाठी दूरवरून आलेल्या पक्ष्यांचे चरणे थांबते.

आपले हक्क

- अत्यवस्थ रुग्णावर तातडीचे उपचार करणे हे सरकारी व खाजगी अशा प्रत्येक डॉक्टरचे कर्तव्य आहे, पोलिसी सोपस्कार त्यानंतर. सर्वोच्च न्यायालयाने १९८९ साली परमानंद कटारा प्रकरणात हे निःसंदेह सांगितले आहे.
- राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून उपचार निःशुल्क आहेत.
- बिबट्या, लांडगा, रानडुक्कर आदी वन्यप्राण्यांच्या हल्ल्यात मृत्यू ओढवल्यास राज्य शासन वारसांना २५ लाख रुपये देते, आणि जखमींनाही दुखापतीच्या स्वरूपानुसार साहाय्य मिळते. त्यासाठी वनपरिक्षेत्र कचेरीस तत्काळ कळवून पंचनामा करवून घ्यावा.
- सर्पदंश व विंचूदंश यांचा या योजनेत समावेश नाही. शेतकरी कुटुंबांसाठी गोपीनाथ मुंडे यांच्या नावाची सानुग्रह अनुदान योजना आहे. आपल्या यजमानांवर प्रसंग ओढवल्यास दरखास्त करण्यास त्यांना साहाय्य करावे. स्वयंसेवक तिच्यात बसत नाही, म्हणूनच वर विम्याचा आग्रह धरला.

कोणत्याही दाव्यासाठी रुग्णालयाचा केस पेपर, डॉक्टरांचा दाखला, औषधांच्या पावत्या आणि, दुर्दैवाने मृत्यू झाला असल्यास, पोलीस पंचनामा व शवविच्छेदनाचा अहवाल लागतो. शोकाच्या घटकेत शवविच्छेदनास नकार देणाऱ्या कुटुंबांचे दावे पुढे अडतात. हे त्यांना त्याच वेळी, हळुवारपणे पण स्पष्ट शब्दांत कोणीतरी सांगितले पाहिजे.

परत गेल्यावर

श्वानदंशाच्या लसीच्या राहिलेल्या मात्रा घरी पोहोचल्यावर ठरल्या तारखेस पूर्ण कराव्यात. येथे कोणती लस, कोणत्या पद्धतीने आणि कोणत्या दिवशी दिली याची नोंद असलेला कागद तेथील डॉक्टरांस दाखवावा. पुढील काही आठवड्यांत ताप आल्यास आपण कोणत्या गावात, किती दिवस, कशा जागेत राहिलात हे त्यांना आपणहून सांगावे आणि मलेरिया व डेंग्यूच्या तपासण्या मागून घ्याव्यात, कारण शिकागोत वा लंडनमध्ये बसलेल्या डॉक्टरच्या मनात हे आजार सहसा प्रथम येत नाहीत.